काटा दमला

१

सकाळी दुकान उघडलं की काटेवाला आधी हात धुवायचा, कोरडे करायचा आणि मगच लाकडी पेटीतली पितळी वजनं चिमट्याने उचलून टेबलावर मांडायचा. वजनाला बोट लावायचं नाही, हा त्याच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. बोटाचा घाम लागला की वजन चढतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. बाकी माणूस ढिसाळ होता. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचा. पण मापाची गोष्ट निघाली की त्याच्याइतका कर्मठ कुणी नाही. किराणा दुकानातल्या तागडीपासून दवाखान्यातल्या उभ्या काट्यापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जायचं. दुरुस्त करायचं, वजनं ठेवून तपासायचं आणि शिशाचा शिक्का मारून परत द्यायचं. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं.

"माणूस खोटं बोलेल, काटा नाही बोलायचा," हे त्याचं पालुपद होतं. घरात, दारात, गिऱ्हाइकासमोर, कुठेही.

लेक एकुलती एक. ती चालायला लागली तेव्हापासून दर वाढदिवसाला तो तिला दुकानात न्यायचा आणि पोती जोखायच्या मोठ्या काट्यावर उभी करायचा. सुई गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेली की टाळ्या वाजवायचा. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "उतरा, बाईसाहेब. काटा दमला." ती खिदळत त्याच्या अंगावर उडी घ्यायची. अनवाणी पाय, त्यातल्या डाव्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. जन्मापासूनच तशी होती. नवा बूट हमखास तिथेच चावायचा.

एका वाढदिवसाला ती म्हणाली, "बाबा, या वर्षी नको." पोर मोठी झाली, असं त्याने मनाशी म्हटलं आणि विषय तिथेच राहिला.

आता ती कॉलेजात जात होती. घरच्या बाथरूममध्ये आरशाखाली एक छोटा काटा होता, त्यानेच कधीतरी आणून ठेवलेला. वर पावलं ठेवायला काळं रबर, पुढे काचेखाली तबकडी आणि सुई, बाजूला शून्य जुळवायची चाकी. लेक रोज सकाळी दार लावून त्यावर उभी राहायची. पाय ठेवला की आतली स्प्रिंग 'टिक' करायची, उतरलं की पुन्हा 'टिक'. चहा पिताना काटेवाल्याला तो आवाज ऐकू यायचा. धंद्याचा कान होता त्याचा. रेडिओ चालू असला तरी त्याला तेवढं बरोबर ऐकू यायचं.

एके दिवशी तो आवाज थांबेचना. टिक, टिक. टिक, टिक. मग दार उघडलं आणि लेक बाहेर आली. डोळे लाल झालेले.

"बाबा, काटा बिघडलाय."

"कशावरून?"

"सुई खालीच येत नाही. मी एवढं... आणि रोज तेवढंच दाखवतो. अगदी तेवढंच."

काटेवाला आत गेला. वाकून बघितलं. काटा रिकामा होता, पण सुई शून्याच्या किंचित वर. दोन केसांच्या जाडीइतकी असेल. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती.

"अगं, शून्य सरकलंय फक्त. स्प्रिंग थकते कधी कधी." त्याने चाकी फिरवली. सुई शून्यावर आणली. "जा, आता बघ."

दार लागलं. टिक. मग आतून एक बारीकशी किंकाळी, आनंदाची. बाहेर येऊन लेकीने त्याच्या गळ्यात हात टाकले. किती दिवसांनी टाकले होते. बापाला बरं वाटलं. आपल्या विद्येचा घरात काहीतरी उपयोग झाला म्हणून जरा जास्तच बरं वाटलं.

२

त्यानंतर हे अधूनमधून व्हायला लागलं. "बाबा, परत तसंच." तो जायचा. सुई वर असायची, दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त. तो चाकी फिरवायचा. लेक गळ्यात पडायची. दर वेळी तिच्या पाठीची हाडं त्याच्या तळहातांना आधीपेक्षा जास्त लागायची. हे त्याला जाणवत नव्हतं असं नाही. जाणवायचं. पण मिठी सुटायची आणि तेही सुटायचं.

बाहेर तर कौतुकाचा पाऊस होता. "किती बारीक झालीस गं! काय करतेस काय?" शेजारीण विचारायची, मैत्रिणी विचारायच्या. असं कुणी म्हटलं की आपल्याकडे मूठभर मांस चढलं म्हणतात. तिच्या अंगावर तेवढंही चढत नव्हतं. उलट पुढच्या दिवशी ताटातलं आणखी काहीतरी कमी व्हायचं. आधी गोड गेलं. मग भात गेला, मग पाव. मग सगळ्यांबरोबर बसणंच गेलं. गंमत म्हणजे घरात स्वयंपाक आता तीच करायची. नवनवीन पदार्थ करायची, आईबाबांना आग्रहाने वाढायची आणि ते घास घेताना टक लावून बघत बसायची. उन्हातही अंगात स्वेटर. कंगव्यात केसांचे पुंजके.

काटेवाल्याची बायको बालवाडीत शिकवायची. आयुष्यभर वर्गभर पोरांना डबे खाताना बघितलेली बाई ती.

"अहो, ती जेवत नाही," एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली.

"जेवते की. परवा बसली होती आपल्याबरोबर."

"बसली होती. ताटातलं इकडचं तिकडे करत होती. जेवणं वेगळं आणि अन्न फिरवणं वेगळं. मला नका सांगू."

"वय असतं एकेक. आणि मी बघतोय ना काटा. जरा उतरलीय, पण अगदी हळूहळू."

बायकोने हातातला टॉवेल खाली ठेवला. "काटा बघितलात. पोरगी बघितलीत का?"

तो चिडला. तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते म्हणाला, चप्पल घालून कोपऱ्यावर जाऊन आला. परतला तेव्हा लेकीच्या खोलीच्या दाराखालून उजेडाची फट दिसत होती आणि आतून बोलल्यासारखा आवाज येत होता. फोनवर असेल. पण तिचा फोन तर बाहेर टेबलावर चार्जिंगला लावलेला होता.

"जा ना," लेक आत हळू आवाजात म्हणत होती. "जा ना गं इथून."

त्याने दार वाजवलं. आवाज थांबला. "झोपते आहे, बाबा," ती म्हणाली.

३

रविवारी दुपारी बायकोने हट्टाने तिघांना एका टेबलाशी बसवलं. सूप, उकडलेले बटाटे, अंडी. लेक बसली. चमचा हातात घेतला. बायको स्वतःच्या ताटाकडे बघत जेवत होती, म्हणजे लेकीकडे बघत नाही असं दाखवत होती.

आणि बाथरूममधून आवाज आला. टिक.

काटेवाल्याचा घास हातातच राहिला. तिघंही इथे होते. बाथरूमचं दार उघडं, दिवा बंद. स्प्रिंगवर भार आला की जो आवाज होतो तोच हा. पाल पडली, साबण पडला, तर होणारा आवाज वेगळा. या बाबतीत त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. कसला तरी आवाज..."

"मांजर असेल," लेक पटकन म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आपल्याकडे मांजर कुठाय?" बायको म्हणाली.

लेकीने चमचा खाली ठेवला. तिनेही ऐकलं होतं. आणि पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, हे काटेवाल्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काटा कापडात गुंडाळला आणि दुकानात नेला. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि बघितलं, तर सुई शून्याच्या खाली गेलेली. थोडीथोडकी नाही. तबकडीवर जिथे आकडेच नाहीत, तिथे खुंटीला टेकून बसलेली.

बिघडलेला काटा सगळीकडे सारखाच बिघडलेला असतो. घरी शून्य दाखवणारा काटा दुकानात शून्याखाली जात नाही. जायचा तर एकाच कारणाने. शून्य जुळवताना त्यावर काहीतरी ठेवलेलं असलं तर. भार असताना चाकी फिरवून सुई शून्यावर आणली आणि मग भार काढून घेतला, तर सुई अशीच खाली जाते. त्याच्याकडे कामाला लागलेला नवा पोरगा पहिल्या आठवड्यात हीच चूक करतो आणि शिव्या खातो.

पण घरी काट्यावर काही नव्हतं. दर वेळी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

त्याने काटा उघडला. स्प्रिंग काढली, पुसली, घातली. गंज नाही, धूळ नाही. पितळी वजनं एकावर एक ठेवून तपासलं, सुई अचूक. मग त्याने शून्य जुळवलं, पुन्हा तपासलं आणि चाकीवर शिशाचा शिक्का ठोकून दिला. घरच्या काट्याला शिक्का मारायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. गिऱ्हाईक दारात उभं होतं. ते म्हणालं, "काय काटेवाले, आज घामाघूम?" तो हसला. उकडतंय, म्हणाला.

४

घरी कुणी नव्हतं. बायको शाळेत, लेक कॉलेजात. दुपारचं ऊन बाथरूमच्या झरोक्यातून फरशीवर पडलं होतं. काटेवाल्याने काटा आरशाखाली जागेवर ठेवला. सुई शून्यावर. तो मागे सरकून दाराशी उभा राहिला आणि स्वतःलाच हसला. पन्नाशी उलटलेला माणूस, भरदुपारी बाथरूममध्ये काट्यावर पाळत ठेवून उभा.

नळ ठिबकत होता. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली.

टिक.

सुई उठली. आधी थोडी, एक पाय ठेवल्यासारखी. मग दुसरा ठेवल्यासारखी आणखी. थरथरली आणि स्थिर झाली.

फरशी उताराची असेल. ड्रेनेजचा पाइप खालून जातो, त्याचा हादरा असेल. उन्हाने पत्रा प्रसरण पावत असेल. एकेक कारण तो मनाशी मांडत होता आणि एकेक पुसत होता. शेवटी त्याने दुकानातून आणलेलं पितळी वजन खिशातून काढलं. चिमटा आणायचं भान राहिलं नव्हतं. बोटांनीच धरलं आणि वाकून काट्याच्या कडेला ठेवलं. सुई होती तिथून तेवढीच पुढे सरकली, वजनाइतकी. ना कमी, ना जास्त. वजन उचललं, सुई मागे आली आणि मघाच्याच जागी थांबली.

म्हणजे काटा बरोबर होता.

मग त्याला रबर दिसलं. काळं, जुनं, मऊ पडलेलं रबर. भार आला की दबतं आणि उचलला की हळूहळू वर येतं. ते दोन ठिकाणी दबलेलं होतं. लहान लहान दोन खळगे. त्याच्या तळहातात मावले असते एवढे. टाचा, चवडे, पुढे बोटांचे ठिपके. डावीकडच्या खळग्यात शेवटचा ठिपका वेगळा नव्हता. तो शेजारच्या ठिपक्यावर चढलेला होता.

काटेवाल्याने हात पुढे केला. काट्याच्या वर, गुडघ्याच्या उंचीवर, हवेत. तिथे ऊब होती. ताप नसलेल्या, नुकत्याच झोपेतून उठलेल्या लेकराच्या अंगाला असते तशी. त्याने हात मागे घेतला तो इतक्या जोरात की कोपर दारावर आपटलं.

घराबाहेर पायरीवर तो बायको येईपर्यंत बसून राहिला. त्याला हिशेब कळला होता. चाकी फिरवून फिरवून त्याने काय पुसलं होतं, ते कळलं होतं. लेकीच्या अंगावरून जे जे जात होतं ते कुठेही जात नव्हतं. ते त्या काट्यावर येऊन उभं राहत होतं. आणि रोज सकाळी ती त्यावर चढली की दोघींचं मिळून वजन भरायचं, जुनं होतं तेवढंच. पोरगी उपाशी मरत होती आणि सुई हलत नव्हती. सुई हलेना म्हणून ती आणखी उपाशी राहत होती. आणि जेव्हा जेव्हा ती रडत बापाकडे आली, तेव्हा तेव्हा बापाने चाकी फिरवून त्या दुसरीला शून्य करून टाकलं होतं.

"बाहेर का बसलात?" बायकोने विचारलं.

"ती जेवत नाही," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस ते खरं आहे. आपण तिला डॉक्टरकडे नेऊ या."

बायको पिशवी खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याचा हात धरला.

५

लेक ऐकायला तयार नव्हती. मला काहीही झालेलं नाही, तुम्हीच मला आजारी ठरवताय, म्हणायची. आईला ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. पूर्वी ही पोर मुंगीलासुद्धा वळसा घालून जायची. डॉक्टरची वेळ शुक्रवारची मिळाली होती. गुरुवारी सकाळी बाथरूममधून टिक, टिक सुरू झालं आणि मग हाक आली.

"बाबा! काटा परत चढलाय. आणि हे चाकीवर काय लावलंयस तू?"

तो दाराशी गेला. "शिक्का आहे."

"काढ तो. शून्य कर."

"नाही करणार."

ती बाहेर आली. स्वेटरच्या बाहीतून मनगट बाहेर आलेलं. काटेवाल्याने ते पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या अंगठ्या-तर्जनीच्या कड्यात ते सहज मावलं असतं.

"प्लीज, बाबा." आवाज चिरकला. "एकदाच. मला कळतंय ते खरं नाहीये, पण तो आकडा बघितला ना की मला... मी दिवसभर कुणाच्या समोर जाऊ शकत नाही. तूच म्हणायचास ना, काटा खोटं बोलत नाही?"

"काटा खोटं बोलत नाहीये, बाळ. तू एकटी उभी नाहीस त्याच्यावर."

हे बोलायला नको होतं. पण बोलून गेला. लेक त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण आश्चर्य नव्हतं.

"तुलाही दिसते?" तिने विचारलं. अगदी हळू.

"दिसत नाही. पण आहे, एवढं कळतं."

"ती सारखी भूक लागली म्हणते, बाबा. रात्रंदिवस. मी कान बंद करते तरी म्हणते." आणि ती दार लावून आत गेली.

तो दार वाजवत राहिला. आतून नळाचा आवाज आला. मग नळ चालूच राहिला आणि त्यातच धप्पकन दुसरा आवाज आला. तो मोठा नव्हता. एवढ्या उंच मुलीच्या पडण्याचा आवाज एवढा लहान कसा, हे त्याला कळेना. तोपर्यंत बायकोने खांद्याने दाराची कडी तोडली होती.

गाडी आली, लेकीला चादरीत गुंडाळून उचललं. निघताना काटेवाल्याची नजर बाथरूमच्या दारातून आत गेली. नळ वाहत होता. काट्याची सुई शून्यावर होती.

आज तिथे कुणी नव्हतं.

६

डॉक्टर म्हणजे एक मध्यमवयीन बाई होत्या, बारीक कापलेल्या केसांच्या. त्यांनी नाडी बघितली, रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या. मग आईबापाला बाहेर बाकावर बसवून स्वतःही शेजारी बसल्या. हृदय मंद चाललंय, म्हणाल्या. वेळेवर आणलंत, पण अजून धोका टळलेला नाही.

"हा हट्ट नाहीये आणि नखरा तर मुळीच नाही. हा आजार आहे. आतून कुणीतरी सतत सांगत असतं, खाऊ नकोस. त्याच्याशी एकटीने भांडणं कुणालाच जमत नाही."

"कशाने झालं?" बायकोने विचारलं. "आमच्यामुळे?"

"एका कारणाने होत नाही हे. आणि कारण सापडलं म्हणून बरंही होत नाही. तुम्ही आता काय करता, ते महत्त्वाचं."

दुसऱ्या दिवशी लेकीला जरा उठून बसता आलं तेव्हा सिस्टर तिला हाताला धरून वजनाला घेऊन गेली. कोपऱ्यात उभा काटा होता, पांढरा, डोळ्यांच्या उंचीवर तबकडी. काटेवाल्याने तो लांबूनच ओळखला. मागच्या महिन्यात त्यानेच तपासला होता. बाजूला त्याचाच शिक्का होता.

लेक वर चढली. सिस्टरने पुढे होऊन बघितलं, भुवया उंचावल्या.

"अगंबाई, वजन तर ठीक आहे हो हिचं."

लेकीने तबकडीकडे बघितलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "बघितलंस?" ती बापाला म्हणाली. "बघितलंस, बाबा? अजून तेवढंच!"

"काटा खोटा आहे," काटेवाला म्हणाला.

वॉर्डमध्ये सगळ्यांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्याने म्हणाला. बायकोने तर तोंडावर हात ठेवला. या माणसाच्या तोंडून हे वाक्य तिने सगळ्या संसारात ऐकलं नव्हतं.

"माझाच शिक्का आहे त्यावर. मी सांगतो ना, खोटा आहे. तिच्याकडे बघा. तो आकडा लिहू नका."

"नाही लिहीत," मागून डॉक्टर म्हणाल्या. "मी आकड्यावर कुणाला घरी पाठवत नाही. खाली उतर, बाळा."

लेक उतरली. एक पाय, मग दुसरा. सिस्टरने तिला सावरून खाटेकडे नेलं. आणि काट्याची सुई खाली आली. थोडीशी. अगदी थोडीशी, आणि तिथेच थांबली.

रिकाम्या काट्यावर सुई अशी वर उभी होती. सिस्टरने परत येऊन काचेवर टिचकी मारली. "अडकली वाटतं," म्हणाली आणि निघून गेली.

सुई अडकली नव्हती. लेक उतरली तेव्हा जेवढी खाली आली, तेवढीच त्याची लेक आता उरली होती. बाकीची सगळी अजून काट्यावर उभी होती.

७

संध्याकाळी जेवणाच्या गाड्या आल्या. वाफेचा वास, चमच्यांचा खणखणाट. बायको खाटेशी बसली होती. सिस्टर वाटीत सूप घेऊन आली आणि लेकीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

काटेवाला कोपऱ्यात गेला. तबकडीवरची सुई सकाळपासून तिथेच होती. त्याने इकडे तिकडे बघितलं. मग तो काट्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात पुढे केले.

"उतरा, बाईसाहेब," तो म्हणाला. "काटा दमला."

काही झालं नाही. व्हरांड्यात कुणाचं तरी मूल रडत होतं.

"दमला गं काटा. ये. मी नाही आता शून्य करणार."

टिक.

सुई अर्ध्यावर आली. मग पूर्ण शून्यावर. आणि त्याच्या पुढे केलेल्या हातांत भार आला. त्याने डोळे उघडे ठेवले होते. त्याला फक्त समोरची पांढरी भिंत दिसत होती. पण मानेवर श्वास लागत होता, लहान, ओला, भरभर चाललेला. आणि कानाशी कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

तो भिंतीचा आधार घेत उठला. उठताना गुडघे कडाडले. हात छातीशी धरून तो खाटेजवळ गेला. लेकीने मान वळवली, त्याच्या हातांकडे बघितलं आणि अंग चोरून भिंतीला चिकटली.

"नको, बाबा. इथे नको ठेवूस तिला."

"नाही ठेवत. तू म्हणशील तेव्हाच."

बायकोने दोघांकडे बघितलं. तिला काहीच दिसत नव्हतं. तिने नवऱ्याला बसायला स्टूल पुढे सरकवलं.

"काका, हात असे काय धरलेत?" सिस्टर म्हणाली. "अवघडतील ना. खाली ठेवा."

"असू दे," तो म्हणाला. "खाली ठेवायचं नाही."

सिस्टरने फेरीवर आलेल्या डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली. सिस्टर पुन्हा वाटी घेऊन बसली. "एकच चमचा. बाकी काही नाही. एवढाच एक." बराच वेळ गेला. सूप गार झालं, बदलून आणलं. काटेवाल्याच्या खांद्यांतून कळा निघत होत्या. बोटं थंड पडत चालली होती आणि कानाशी तो एकच शब्द अजून चालू होता, आता रडवेला. लेकीचे डोळे त्याच्या हातांवरून हलत नव्हते.

"अजून म्हणतेय?" तिने विचारलं.

"म्हणतेय."

लेकीने डोळे मिटले. ओठ उघडले. चमचा आत गेला. गिळताना तिच्या गळ्याची शीर न शीर ताणली, गालांवरून पाणी ओघळलं, आणि बायकोने पदर तोंडात धरला.

कानाशी चाललेला आवाज थांबला.

हात बधिर झाले असतील म्हणून तसं वाटतं, असं काटेवाल्याने स्वतःला सांगून बघितलं. दिवसभर पोटात काही नाही, डोकं चालत नाही, असंही सांगितलं. पण आयुष्यभर या हातांनी दुसरं काय केलं होतं? छातीशी धरलेलं ओझं हलकं झालं होतं. फार नाही. चमचाभर.

"आणखी एक देऊ?" सिस्टरने विचारलं.

लेकीने बापाकडे बघितलं. काटेवाल्याने हात तसेच धरून ठेवले.